अठ्ठ्याण्णव की पंच्याण्णव

१० मार्च

आत्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. मोबाईल घ्यायचा नाही हा तुझा हट्ट, आणि घरचा तारेचा फोन तू उचलत नाहीस. शेवटी आईने पाकिटं आणून माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, "लिही. पत्राला तरी ती उत्तर देते."

मी अजून चष्म्याच्या दुकानातच आहे. मागच्या खोलीत दिवसभर काचा घासते आणि संध्याकाळी नाकावर पांढरी पूड घेऊन घरी येते. आई बरी आहे. बाबा सप्टेंबरात निवृत्त झाले. पस्तीस वर्षं शहर बस चालवली, आता घरात इकडून तिकडे फिरतात आणि प्रत्येक दाराशी क्षणभर थांबतात, कोणी चढणार असल्यासारखे.

आता कामाचं. मी गाडी घेतलीय. जुनी, दोन दारांची, बुटकी, लाल. नाव चिमणी. आधीच्या मालकाने तिला टर्बो बसवून अर्ध्यात सोडून दिलं होतं. इथे एक ट्यूनर आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याने इंजिन नीट लावून दिलं आणि आता ती दोनशे दहा घोड्यांची झालीय. जूनमध्ये तुझ्या गावापासून दोन तासांवर, धरणाच्या वरच्या घाटात, जुन्या गाड्यांची चढाईची शर्यत असते. एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. मला त्यात उतरायचंय.

प्रश्न असा की पेट्रोल कोणतं भरू? आमच्याकडे ९१ मिळतं, ९५ मिळतं, आणि बायपासच्या पलीकडे एकाच पंपावर ९८. जो भेटतो तो वेगळं सांगतो. तू एकतीस वर्षं पेट्रोल तपासण्यात घालवलीस, म्हणून तुलाच विचारते. उत्तर लवकर दे. इथे जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
बारकी

१९ मार्च

बारके,

पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्यासाठी, एकदा चिमणीसाठी.

आधी डोक्यातून एक खूळ काढ. पंपावरचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ९८ मध्ये ९५ पेक्षा जास्त दम कोंबलेला नसतो. तो आकडा सोशिकपणाचा आहे. इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं, दाबलं की तापतं. ठिणगी पडून जाळ सगळीकडे पोचेपर्यंत त्याने गप्प राहायचं असतं. कमी आकड्याचं पेट्रोल धीर सोडतं. ठिणगीने या कोपऱ्यात जाळ लावला की ते त्या कोपऱ्यात आपणहून भडकतं. त्याचा जो हादरा बसतो त्याला आम्ही नुसतं 'ठोका' म्हणायचो. ठोके चालू राहिले तर पिस्टनला भोक पडतं. असा एक पिस्टन कोणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. भोकातून माझा अंगठा जात होता.

आकडा काढायला आमच्याकडे एका सिलिंडरचं इंजिन होतं, माणसाच्या उंचीचं. त्यात पेट्रोल घालायचं आणि ठोका येईपर्यंत दाब वाढवत न्यायचा. तुलनेला दोन शुद्ध द्रव असतात. एक अतिशय सोशिक, त्याला शंभर गुण. दुसरा अतिशय तापट, त्याला शून्य. पंच्याण्णव भाग सोशिक आणि पाच भाग तापट यांच्या मिश्रणासारखं जे वागतं, ते ९५. एवढंच गुपित.

म्हणून साध्या इंजिनात मोठा आकडा भरून काही होत नाही. माझ्या शेजारचे गणिताचे शिक्षक ९१ वर सुखाने चालणाऱ्या स्कूटरला ९५ पाजतात आणि "उडते हो!" म्हणतात. उडते ती त्यांची टोपी.

पण तुझी चिमणी साधी राहिलेली नाही. टर्बो हवा कोंबतो, म्हणजे दाब वाढला, म्हणजे सोशिक पेट्रोल लागणार. किती सोशिक, ते मास्तरने ती कशावर लावली यावर ठरेल. तर मला सांग: त्याने कोणत्या पेट्रोलवर लावली? आत्ता टाकीत काय आहे? आणि जोर दिल्यावर काही आवाज येतो का, आला तर नेमका कधी? हे कळेपर्यंत घाटाचं नाव काढायचं नाही.

फोन मला आवडत नाही, पत्रच लिही. आणि येते म्हणून लिहू नकोस, घरात रंगकाम काढलंय.

तुझ्या वडिलांनी निवृत्तीच्या दिवशी काय केलं? मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस.

तुझी आत्या

२ एप्रिल

आत्या,

रंगकाम गेल्या वर्षीही काढलं होतंस. किती खोल्या आहेत तुझ्या घराला?

तुझी उत्तरं. मास्तरने ९८ वर लावली. त्याने आधी विचारलं होतं, "९५ वर लावून देऊ का? एकशे नव्वद घोडे मिळतील, पण कुठेही पेट्रोल मिळेल." पण करायचंच तर पूर्ण करायचं, असं ठरलं. मागच्या महिन्यापासून ९८ चा पंप कोरडा पडलाय, म्हणून ९५ भरावं लागलं. तेव्हापासून आवाज आहे. तिसऱ्या गियरमध्ये, चढावर, इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास असताना पाय पूर्ण दाबला की येतो. पत्र्याच्या ताटलीत वाटाणे सांडावेत तसा. पाय उचलला की लगेच बंद.

दुकानातून टाकीत ओतायची एक बाटली आणलीय. तिच्यावर 'तीन पॉइंट वाढवते' असं छापलंय. म्हणजे ९५ चं ९८ होईल ना? नाहीतर दोन्ही पेट्रोलं अर्धी-अर्धी भरली तर?

बाकी गाडी झकास. क्लच तेवढा हलका करून घेतला, थंडीत डावा गुडघा फार धरतो म्हणून.

निवृत्तीच्या दिवशी बाबांनी शेवटची फेरी मारली, बस स्वतः धुतली आणि चालत घरी आले. अकरा किलोमीटर.

बारकी

१० एप्रिल

बारके,

तुझं वय सव्वीस. तुझा गुडघा थंडीत धरत नाही. डावा गुडघा धरतो तो शहर बसचा क्लच जन्मभर दाबणाऱ्याचा.

शिवाय "करायचंच तर पूर्ण करायचं" हे वाक्य मी आयुष्यात एकाच माणसाकडून ऐकलंय. नऊ वर्षांचा होता. हातात छत्री घेऊन गच्चीवरून उडी मारण्याआधी तो हे म्हणाला होता. मी खाली उभी राहून "पहिल्या पायरीवरून मारून बघ" म्हणून ओरडत होते. छत्री उलटी झाली आणि स्वारी वाळूच्या ढिगात कमरेपर्यंत रुतली.

त्या ठोंब्याला सांग, बाटलीवरचे 'पॉइंट' बहुतेक वेळा दशांश असतात. तीन पॉइंट म्हणजे ९५ चं ९५.३. त्या बाटलीने फार तर गंजलेला बोल्ट पूस. अर्धं-अर्धं भरलं तर साधारण साडेशहाण्णव होईल. म्हणजे वाटाणे कमी सांडतील, पण सांडतील. तू सांगतेस तो आवाज खराखुरा ठोका आहे, शंका नको. ९८ वर लावलेल्या गाडीत ९५ भरून चढावर पाय दाबणं म्हणजे पिस्टनवर हातोडी चालवणं. आता एक तर ९८ मिळेपर्यंत तिला हळू चालवा, किंवा मास्तरकडे नेऊन ९५ वर लावून घ्या. मला विचाराल तर दुसरं. जे पेट्रोल रस्त्यात कुठेही मिळतं त्यावर गाडी लावावी. घोडे कमी झाले तरी घरी परत येते.

आणि त्याला हेही सांग, की त्याला हे मला विचारता आलं असतं. आमची आई गेल्यावर तिच्या खोल्या रिकाम्या केल्या त्या दिवशी तो मला जे बोलला त्याला आता तीन वर्षं झाली. त्यानंतर त्याने एक साधा फोन केला नाही. आता पेट्रोल विचारायला लेकीच्या मागे लपून येतो. एकसष्ट वर्षांचा घोडा!

गाडी मात्र छान घेतली असणार. त्याला गाडीतलं कळतं.

आत्या

१८ एप्रिल

आत्या,

हे पत्र मी दुकानात, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आधीची दोन्ही घरी लिहिली, तेव्हा बाबा खुर्चीच्या मागे उभे राहून सांगत होते. गुडघ्याची ओळही त्यांचीच. मी म्हटलं, "बाबा, हे मी कसं लिहू?" तर म्हणाले, "लिही गं, क्लचचं तिला कळायला हवं."

होय, चिमणी त्यांची आहे. निवृत्तीनंतर महिनाभर घरात फेऱ्या मारल्या आणि एक दिवस एका बंद पडलेल्या गॅरेजमधून तिला दोरीने ओढत घेऊन आले. आईने विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "पस्तीस वर्षं चाळीसच्या वर गेलो नाही. एकदा जायचंय." दुसऱ्या दिवशी आईने सीटची कव्हरं शिवली.

पण तू लिहिलंस की त्यांनी एक फोन केला नाही. ते वाचून बाबा उठून आत गेले. मग आईने मला सांगितलं ते तुला सांगते. भांडणानंतर महिनाभर त्यांनी तुला रोज फोन लावला. डेपोतून, ड्यूटी संपल्यावर. घंटा वाजत राहायची. आणि त्यांच्या वाढदिवशी तू उचललास. आई शेजारीच होती. बाबा म्हणाले, "ताई, मी बोलतोय. चुकलो मी." तू म्हणालीस, "चुकीचा नंबर," आणि ठेवून दिलास.

त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. तरी उठून डेपोत गेले आणि बस धुऊन आले.

मला वाटायचं तू तशी नाहीस. आता मला काय वाटावं ते तूच सांग.

बारकी

२३ एप्रिल

बारके,

मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी आजवर डॉक्टर सोडून कोणाला सांगितलेलं नाही. लिहून बघितलं तर सोपं आहे.

निवृत्तीच्या आधी सुरू झालं. प्रयोगशाळेत ठोका मोजायला काटा असतो, पण मी आधी कानाने ओळखायचे आणि मग काट्याकडे बघायचे. बरोबरची पोरं पैजा लावायची. एक दिवस काटा पार उजवीकडे गेलेला दिसला आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी काटा बिघडलाय म्हणून तक्रार लिहिली. काटा ठीक होता.

आधी पुरुषांचे जाड आवाज गेले. तुझ्या बाबांचा आवाज पहिल्याच फळीत गेला. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते आखडलंय. ऑपरेशन करून बदलता येतं. मी "बघू" म्हणाले आणि पळाले. कानावर पोट भरलेली बाई मी. कान उघडून आत गेले आणि उरलंसुरलंही गेलं तर? मग लोकांना टाळायला लागले. रंगकाम, पाव्हणे, ताप, जे सुचेल ते. घराच्या भिंतींना सहा वर्षांत कोणी हात लावलेला नाही.

आता जुळवून बघते तर आईच्या खोल्यांमध्ये त्या दिवशी त्याने मला विचारलं असणार, की आईचं शिलाई मशीन तू नेतेस का. मला वाटलं, कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रांचं विचारतोय. मी म्हणाले, "भंगारात दे, मला कशाला ते?" त्याचा चेहरा पडला. का पडला ते मला तेव्हा कळलं नाही. मग तो ओरडला, आणि ओरडला म्हणून तेवढं ऐकू आलं: "तुला माणसांचं ऐकायला कधी वेळच नव्हता!" मी पिशवी उचलली आणि निघाले.

आणि तो फोन. फोनची घंटा मला ऐकू येत नाही. कधीतरी टेबल पुसताना हाताखाली थरथरला तर उचलते. उचलून आत नुसती घूं घूं ऐकू येते. कोण, काय, कळत नाही. अशा वेळी मी सगळ्यांनाच "चुकीचा नंबर" म्हणते. दुसरं काय म्हणणार? त्याच्या वाढदिवशी त्याला म्हणाले हे मला आज तुझ्या पत्रातून कळतंय.

हे पत्र त्याला दे. तू वाचून दाखवू नकोस. त्याचं त्याला वाचू दे.

आत्या

९ मे

ताई,

मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. शाळेत माझे निबंध तूच लिहायचीस. हा चौथा कागद आहे.

मशीन भंगारात दिलं नाही. इथे खिडकीपाशी आहे. बारकीची आई त्यावर शिवते. मी महिन्यातून एकदा तेल घालतो.

तू सांगायचं होतंस. मी मोठ्याने बोललो असतो. मला मोठ्याने बोलायची सवय आहे, मागच्या सीटपर्यंत आवाज जायचा.

९८ चा पंप परत सुरू झालाय. टाकी पूर्ण रिकामी करून ९८ भरलं. ठोका गेला. गाडी अशी उचल घेते की पाठ सीटला चिकटते. शर्यत पंधरा जूनला आहे. मी आदल्या दिवशी तुझ्याकडे येतो, मग दोघं घाटात जाऊ. तुझं घर इथून चारशे किलोमीटर आहे. वाटेत ९८ कुठे मिळतं तेवढं कळव.

बाटलीने बोल्ट पुसला. छान निघतो.

भाऊ

१७ मे

ठोंब्या,

अक्षर अजून तसंच आहे, उताराला लागलेलं.

तू विचारलंस म्हणून मी माझ्या गावातले दोन्ही पंप चालत फिरले. ९८ नाही. मग पेट्रोलच्या डेपोत जाऊन टँकरच्या एका चालकाला गाठलं. तो तुझ्या गावापर्यंतच्या रस्त्यावर सगळीकडे पेट्रोल पोचवतो. त्याला कागद दिला आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही, लिहून द्या. हे मी पहिल्यांदाच अनोळखी माणसाला म्हणाले. तो बिचारा चहाचा कप बाजूला ठेवून बॉनेटवर कागद टेकवून लिहीत बसला. सतरा पंप आहेत. ९८ एकाही ठिकाणी नाही. सगळीकडे ९५ मात्र आहे.

चिमणीच्या टाकीत चाळीस लिटर मावतात आणि ती लिटरला आठ किलोमीटर जाते असं बारकीने चिठ्ठीत लिहिलं होतं. म्हणजे तीनशे वीसला कोरडी. माझ्या घरापासून ऐंशी किलोमीटर अलीकडे. मागच्या सीटवर कॅन भरून आणायचा विचार तुझ्या मनात आलाच असेल. तो काढून टाक. उन्हात पेट्रोलचे कॅन घेऊन बंद गाडीतून फिरणाऱ्या माणसाला मी दार उघडणार नाही.

तेव्हा शर्यत राहू दे. बसने ये. बस चांगली असते, तुला माहीत आहे.

ताई

३० मे

ताई,

बसने येणार नाही. पस्तीस वर्षं पुढे बसलो. मागे बसलो की मला मळमळतं.

मास्तरकडे गेलो. ९५ वर लाव म्हणालो. तो म्हणाला, "काका, पन्नास दिवस माझ्या मागे लागून दोनशे दहा करून घेतले, आता काय झालं?" मी म्हटलं, बहिणीकडे जायचंय. त्याने लगेच बॉनेट उघडलं. टर्बोचा दाब उतरवला, ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. सकाळी गेलो होतो, दुपारी झालं. एकशे एकोणनव्वद. एक घोडा वाटेत पळाला असं तो म्हणतो.

पण ताई, वाटाणे परत वाजतायत. थोडेच, पण वाजतायत. मास्तरने दोनदा यंत्र लावून पाहिलं, म्हणतो ठोका नाही. मी म्हणतो आहे. बस कुठे दुखतेय ते मला स्टिअरिंगवरून कळायचं. हिचं कळत नाही. पिस्टनला आधीच इजा झाली असेल का? घाटात इंजिन फुटलं तर मला चालेल, पण तुझ्याकडे पोचायच्या आधी नको.

शनिवारी, चौदाला निघतो. हळू येतो. दुपारी पोचेन. हॉर्न वाजवणार नाही, काय उपयोग. तू खिडकीत बस.

भाऊ

१८ जून

बारके,

तुझा बाप अजून इथेच आहे. काळजी करू नका. शुक्रवारी मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाणार, मगच निघणार. ऑपरेशनची तारीख हातात पडेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसेन अशी धमकी त्याने कागदावर लिहून दिलीय. मला भीती वाटतेच आहे, पण या वेळी पळायला जागा नाही. तो दाराशी उभा असतो.

आता सगळं सांगते, कारण तो तुला तीन शब्दांत सांगेल.

शनिवारी मी अकरापासून खिडकीत. अडीच वाजता पायाखालच्या फरशीला बारीक कंप आला. मी मान वर केली तर कोपऱ्यावर लाल टपोरी गाडी, आणि आत बसायला जागा नसल्यासारखा घडी घालून बसलेला हा. उतरला. डोक्यावरचे केस पार गेलेत, हे तुम्ही कोणी मला लिहिलं नाहीत. दोघंही फाटकाशी उभे राहिलो. तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मी म्हणाले, "आत ये, रंग ओला नाहीये." तो इतका हसला की शेजारचे शिक्षक बाहेर आले.

पाणी पिऊन झाल्यावर मी त्याला म्हणाले, चल, मला वाटाणे दाखव. त्याने कानाकडे बोट करून हात हलवले, तुला कसे दाखवू? मी झाडूचा लाकडी दांडा काढून घेतला. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की माझ्या कानाची वाट अडलीय पण आतली नस शाबूत आहे. हाडातून आलेला आवाज मला ऐकू येतो. त्यांनी कवटीला ठोकला की घुमणारा एक चिमटा टेकवून तपासलं होतं. मग चिमट्याने येतो तर दांड्याने का नाही?

गावाबाहेर धरणाच्या रस्त्याला एक लांब चढ आहे. मी शेजारच्या सीटवर बसले. दांड्याचं एक टोक पायाशी, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर रोवलं आणि दुसरं दातांत धरलं. तुझा बाप रस्त्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. मी खुणेने पुढे बघ म्हणाले. तिसरा गियर, अडीच हजार फेऱ्या, पाय पूर्ण.

बारके, सहा वर्षांनी मी इंजिन ऐकलं. माझ्या डोक्याच्या मधोमध ते सुरू झालं. झडपा, साखळी, टर्बोची शीळ, सगळं वेगवेगळं, ओळखीचं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ठोंब्याला वाटलं पिस्टन गेला. त्याने घाबरून पाय उचलला. आणि पाय उचलल्यावरही वाटाणे वाजतच राहिले.

तिथेच मला कळलं. ठोका असता तर जोर काढल्याबरोबर थांबला असता, तुझ्या पहिल्या वर्णनात होता तसा. हा थांबला नाही, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सावकाश उतरत गेला. मी दांडा काढून म्हणाले, "हा पत्रा आहे." त्याने गाडी बाजूला घेतली. एक्झॉस्टच्या नळीवर उष्णता अडवायला पातळ पत्रा असतो, त्याचा एक बोल्ट गळून पडला होता. तोच बोल्ट, जो त्याने बाटलीतल्या औषधाने पुसून चकचकीत केला होता आणि नीट आवळला नव्हता. घरी परतून शिक्षकांच्या स्कूटरचा एक बोल्ट मागून घेतला आणि बसवला. आवाज बंद. मास्तरचं काम चोख होतं. तसं मास्तरला कळवायला मी ठोंब्याला लावलंय.

रविवारी घाट. सतरा गाड्या होत्या. तुझ्या बाबांची सुटायची पाळी नववी. आधीच्या गाड्यांमध्ये दोन तर नुसत्या ज्वाळा सोडत गेल्या. मी त्याला म्हणाले, ९८ वर असतास तर आणखी वर गेला असतास. त्याने मातीत बोटाने लिहिलं, 'इथे आलोच नसतो.' मग हेल्मेट घातलं. मी सुरुवातीच्या रेषेशी उभी होते. पहिल्या वळणाला गाडीची शेपटी जरा बाहेर गेली. मग ती वळणामागे गेली. मला ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. इतरांना निदान लांबून आवाज येत होता. मी शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरला आणि विचारलं, "वाजतेय का? अजून वाजतेय का?" तिने मान हलवली, हलवत राहिली, आणि शेवटी अंगठा वर केला. अकरावा आला. वरून परत आला तेव्हा सगळे दात दिसत होते. वेग किती, म्हणून विचारलं तर त्याने एक बोट वर केलं, मग तीन, मग शून्य. आईला सांगू नकोस.

संध्याकाळी बाकीचे गेले, आम्ही इंजिन निवायची वाट बघत कठड्यावर बसलो. तो कागद शोधायला लागला. मी म्हणाले, "कागद राहू दे." दांड्याचं एक टोक मी दातांत धरलं, दुसरं त्याच्या गळ्याला टेकवलं आणि खूण केली, बोल.

आधी तो लाजला. रस्त्यावरून एक सायकलवाला जात होता, तो जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "ताई." जाड, घोगरा, तसाच आहे आवाज. म्हातारा झालेला नाही.

मग तो बोलत सुटला. आमच्या आईच्या शेवटच्या महिन्यातलं बोलला. त्या दिवशी घरी जाऊन मशीनपाशी बसून राहिला होता ते बोलला. शेवटच्या फेरीत एका म्हातारीने उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग त्याला अकरा किलोमीटर चालावंसं का वाटलं ते बोलला. तुझ्याबद्दल बोलला, ते तुला तोंडावर कधी सांगणार नाही: तुझ्या काचा लावून बघतो तेव्हा त्याला अभिमानाने धड दिसत नाही. सूर्य पार खाली जाईपर्यंत बोलला. दोन-तीनदा मला सांगावंसं वाटलं, की असं नव्हतं रे, तुझं चुकतंय, मी सांगते कसं ते. लहानपणापासून मी हेच करत आलेय. पण दांडा दातांत होता, सोडला असता तर त्याचा आवाज गेला असता. म्हणून मी गप्प बसले. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा माझ्या भावाचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं.

तुझी आत्या